मागच्या खोलीतला पलंग

१४, थर्ड रो, हार्टलॉ
१० फेब्रुवारी २०१३

मॅटी,

घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. नऊ वर्षांनी माझ्या अक्षरातलं पाकीट पाहून तुझ्या बायकोने, ऑड्रीने, आधी खुर्ची गाठली असेल. तिला म्हणावं, चहा घे आणि शांत हो. तिचं नाताळचं कार्ड मला दरवर्षी मिळतं. त्यावर तुझं नावही तिच्याच अक्षरात असतं, ते मला कळत नाही असं समजू नका.

मला तुझ्याकडून काही नको आहे. एक गंमत झाली आणि ती ज्याला सांगावी असा या गावात कुणी उरला नाही, एवढंच.

सरकारने नवा नियम काढलाय, तो तुमच्या मॅन्सफिल्डलाही पोचला असेल. काउन्सिलच्या घरात गरजेपेक्षा जास्त बेडरूम असतील तर एप्रिलपासून घरभाड्याची मदत कापायची. मी एकटी आणि बेडरूम तीन. म्हणजे मी दोन खोल्या दाबून बसलेय, चोरच की! शाळेतल्या पोरांना जेवण वाढून मिळतात त्या पैशांत ही भर मी कुठून घालणार? नसेल परवडत तर लहान फ्लॅटमध्ये जा म्हणतात. आणि फ्लॅटला बाग नसते. बाग नाही तर चर नाही, चर नाही तर आपल्या बाबांच्या वाणाचे लीक नाहीत. बाकी मेलं काय जायचं ते जाऊ दे, पण तो वाण माझ्या हातून जाणार नाही.

तर गंमत अशी. काउन्सिलने एक पोरगा पाठवला, क्रेग नाव त्याचं. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी आणि तोंडावर असे भाव की बिचाऱ्याला घरी जावंसं वाटत होतं. त्याने माझी खोली पाहिली, बाबांची पाहिली, मग मागची उघडली. आत जांभळा दिवा, हीटर, आणि तुझ्या पलंगावर ट्रेमध्ये ओळीने उभी रोपं.

"मावशी, हे काय?" तो दचकलाच. वेगळंच काही पिकवते की काय असं वाटलं असणार त्याला.

"लीक."

"म्हणजे ते पातीच्या कांद्यासारखे?"

"कांद्यासारखे म्हणालास तर म्हणालास, लीकवाल्यांच्या क्लबात जाऊन म्हणू नकोस. जिवंत परत येणार नाहीस."

"बरं. पण इथे झोपतं कोण?"

"दिसत नाही का? हेच. थंडी लागते त्यांना."

तो हसला, पण कागदावर 'रिकामी' असंच लिहिलं. मी विचारलं, पलंग काढून टाकला तर? तर म्हणे नियम खोली मोजतो, पलंग मोजत नाही. मग मी पलंग ठेवला. ट्रे ठेवायला उंची बरोबर आहे त्याची, दुसरं काही नाही.

रोपं छान आहेत. बाबांनी पाहिली असती तर नुसते हुंकारले असते, म्हणजे फार छान.

नॉर्मा


१४, थर्ड रो
२८ एप्रिल

मॅटी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, त्यामुळे माझा काही अपेक्षाभंग वगैरे झालेला नाही. ऑड्रीचं मात्र कार्ड आलं, 'तो पत्र दोनदा वाचतो आणि मग टीव्हीचा आवाज वाढवतो.' तिला माझे आभार.

लीक चरात लावले. बाबांचं ते घाणेरडं मिश्रण मी अजून तसंच करते. मेंढीचं खत, काजळी, आणि पबमधून उरलेली काळी बिअर. परवा ढवळताना शेजारीण खिडकी लावून घेत म्हणाली, "नॉर्मा, तुझा बाप परत आला की काय?" वासावरून म्हणाली रे!

भाड्याच्या मदतीतली कापणी सुरू झाली. भाड्यात मी मागे पडलेय, थोडीशीच. त्याचं तू मनावर घेऊ नकोस आणि पैसे तर अजिबात पाठवू नकोस, मी पाकीट न उघडता परत पाठवीन. क्रेग म्हणाला अदलाबदल करा. ज्यांना जागा कमी पडते ते तुमच्या घरात, तुम्ही त्यांच्या. त्याने माझं घर काउन्सिलच्या अदलाबदलीच्या फळ्यावर लावलं आणि लोक बघायला येऊ लागले.

पहिल्या दोघांना मी पळवून लावलं. पहिल्या बाईला सांगितलं की हिवाळ्यात भिंती रडतात. दुसरा माणूस चराकडे बोट करून म्हणाला, इथे फरशी घालून गाडी ठेवता येईल. त्याला म्हटलं, जरूर घाला, फक्त आमचे बाबा याच जागी गेले, त्यांची जरा परवानगी घ्या. बाबा इस्पितळात गेले हे तुला माहीत आहे, त्याला नव्हतं. चहा अर्धा टाकून गेला.

तिसरी आली शॅनन प्राइस. मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानाच्या वर एका बेडरूममध्ये राहते. पाच वर्षांच्या जुळ्या पोरी, एक रांगता मुलगा, नवरा लॉरीवर. भिंती रडतात म्हटलं तर म्हणाली, "आमच्याकडे तर तळणीचा तवंग असतो त्यांच्यावर." पोरी सुसाट बागेत पळाल्या. मी त्यांच्यामागे धावले. बघते तर दोघी चराच्या कडेला उकिडव्या बसून कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "हळू बोल, झोपलेत ते."

मी शॅननला दुसरा चहा दिला. कबूल अजून काही केलेलं नाही.

नॉर्मा


१४, थर्ड रो
३० जून

मॅटी,

सगळं झकास आहे. लीक माझ्या मनगटापेक्षा जाड झालेत आणि पाती अशा पसरल्यात की सकाळी चरापर्यंत चालत गेलं की बरं वाटतं. चालणं चांगलं असतं म्हणे या वयात. वीस मिनिटं जायला, वीस यायला.

मागच्या दारापासून चरापर्यंत वीस मिनिटं कशी, असं तू विचारशील. मेल्या, तुला कधीच काही सुटत नाही.

बरं, ऐक. वर चौदा नंबर लिहिलाय तो सवयीने नव्हे, मुद्दाम. मी गेल्या पंधरवड्यात फ्लॅटमध्ये आलेय. दुकानाच्या वर. पडद्यांना, उशीला, मला, सगळ्यांना तळलेल्या माशांचा वास येतो आणि गावातल्या यच्चयावत मांजरांचं माझ्यावर प्रेम जडलंय. एक खोली, छोटं स्वयंपाकघर, खिडकीतून बसथांबा दिसतो. वाईट नाही. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले, मग खाली जाऊन बटाटे आणले आणि ते गरम होते.

शॅननशी मी हात मिळवून ठरवलंय. घर तिचं, चर सप्टेंबरमधल्या क्लबाच्या लीक शोपर्यंत माझा. क्रेग म्हणाला, असं करारात लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिहू नकोस, तू नुसता बघ. आम्ही त्याच्यासमोर हात मिळवला. तो कपाळाला हात लावून हसला.

रोज सकाळी शाळेआधी मी मागच्या फाटकाने जाते. पोरींना नेमून दिलंय, गोगलगायी पकडायच्या आणि बादलीत टाकायच्या. परवा एकीने गोगलगायीला नाव ठेवलं, आता ती मारू देत नाही. चहा शॅनन करते, फार कडक. तिच्या घरात, म्हणजे माझ्या, म्हणजे जाऊ दे. तिच्या घरात मी पाहुणी म्हणून बसते आणि साखरेचा डबा कुठे आहे ते मलाच विचारतात.

तुला हे सांगणार नव्हते. घर ठेवू शकली नाही असं तुला वाटेल म्हणून.

नॉर्मा


दुकानाच्या वर, स्टेशन रोड
२५ ऑगस्ट

मॅटी,

कार्ड नाही, फोन नाही, काही नाही. ऑड्री म्हणते, तू परसात एक चर खणलास आणि पुन्हा बुजवलास. काय चाललंय काय तुझं?

इथे मोठीच भानगड झालीय, शेवटपर्यंत वाच, मग टीव्ही लाव.

काल शिक्क्याचा दिवस. आपल्या क्लबाचे तिघे आले, बाबांच्या वेळेसारखेच, रविवारच्या कोटात. पुढे सेक्रेटरी लायनल टर्नबुल, शिक्का आणि शाईची डबी छातीशी धरून. एकदा पातीवर शिक्का बसला की तोच लीक शोच्या बाकावर यायला हवा, शेजाऱ्याच्या बागेतला घुसवता येत नाही. तुला हे मी कशाला सांगतेय! पोरी भिंतीवर बसल्या होत्या, त्यांनाही सांगितलं, म्हणून हातासरशी तुलाही.

लायनलने लीक पाहिले. त्याच्या मिशा हलल्या, म्हणजे आवडले. शिक्का उचलला आणि मध्येच थांबून म्हणाला, "इथली भाडेकरू कोण?"

"मी," शॅनन म्हणाली.

"मग लीक तुमचे."

"अहो काका, मला परवापर्यंत लीक आणि कांदा यातला फरक कळत नव्हता!"

"नियम आहे. लीक ज्या बागेत, नाव त्या घरच्याचं. नॉर्मा आता या घरची नाही."

मॅटी, मला एवढी वर्षं माणसांनी काय काय सुनावलं असेल, पण 'या घरची नाही' हे सगळ्यात जास्त लागलं. मी चराकडे बघत उभी राहिले. लायनलने खाली पाहिलं. त्यालाही बरं वाटलं नव्हतं, पण माणूस नियमाचा, तुला माहीतच आहे.

दोनच वाटा उरल्या. एक तर लीक मांडायचे नाहीत, नाहीतर शॅननच्या नावाने मांडायचे. शॅनन ऐकेचना. "दुसरीने राबायचं आणि कार्डावर माझं नाव? मला लाज वाटेल, नॉर्मा."

हे मी तुला टोचायला लिहीत नाहीये. बरं, थोडं टोचायलाच लिहितेय. त्या काळी क्लबात बायकांना मांडायला बंदी होती, त्यात तुझा काय दोष? माझे लीक तुझ्या नावाने गेले, चार कपांवर 'एम. हेडली' आलं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. बाबा, तू, मी, सगळं एकाच घरातलं. मग बंदी उठली, मी माझ्या नावाने मांडले, जिंकले, आणि पबमध्ये तुला सगळ्यांनी धरलं की आधीचे मग वाढवले कुणी? त्यावर तू हसला असतास तर संपलं असतं. तू पेटी भरलीस आणि गाव सोडलंस.

शेवटी मीच शॅननला समजावलं. बाकावर न मांडलेल्या लीकचं नुसतं सूप होतं, आणि बाबांचा वाण सूप व्हायला मी हिवाळाभर जागले नव्हते. नाव कुणाचंही असो. मला सराव आहे. लायनलने शिक्के मारले, एका पोरीने आपल्याही हातावर मारून घेतला.

शो चौदा सप्टेंबरला. उगाच सांगितलं, तू काय येणार आहेस थोडाच.

नॉर्मा


दुकानाच्या वर
५ सप्टेंबर

मॅटी,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांनी सहा शब्द: 'शोला येतोय. माझा पलंग कुठे आहे?' हात मोकळा सोड जरा, शाई महाग नाही.

मी ते खाली दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि एवढी हसले की दुकानदाराने पाणी दिलं. मग वर येऊन काय केलं ते सांगत नाही.

माझा पलंग कुठे आहे म्हणे! अरे शहाण्या, क्रेगने विचारलं होतं, या खोलीत झोपतं कोण, आणि मी म्हटलं लीक. लीकला पलंग लागतो का रे? रोपं जमिनीवरही वाढतात. ट्रेची उंची वगैरे सगळ्या थापा. नऊ वर्षं दर वसंतात मी ती चादर धुतलीय, वाळवलीय आणि पुन्हा घातलीय, आणि शेजारणीला सांगितलंय की कसर लागते म्हणून. खोली रिकामी नव्हती. ती तुझी होती. पण काउन्सिलच्या कागदावर हे कुठल्या रकान्यात लिहायचं? 'रुसलेला भाऊ, येईल कधीतरी'? क्रेगच्या मोजपट्टीत ते बसलं नसतं, आणि मलाही तोंड उघडून म्हणवलं नाही.

आणि आता खोली गेली तेव्हा तू येणार. तुझं हे असंच, बस सुटल्यावर धावत यायचं.

माझ्याकडे तुला झोपवायला जागा नाही. न्हाणीघरात उभा राहून झोपणार असशील तर ये. पण पलंग आहे. मी तो आणला नाही, या जिन्यात वळत नाही. खरं म्हणजे वळवून पाहिलाच नाही. तो मागच्या खोलीतच आहे, त्यावर जुळ्या झोपतात, एक उशाला आणि एक पायथ्याला. मी शॅननकडे गेले आणि शब्द जुळवत बसले, तर ती म्हणाली, "भाऊ येतोय ना? पोरी दोन रात्री आमच्याजवळ झोपतील. चादर कुठली घालू तेवढं सांग."

तेव्हा सरळ चौदा नंबरला जा. मागच्या दाराने. दार अजून अडकतं, खांदा लावावा लागतो, तुला ठाऊक आहे.

नॉर्मा


दुकानाच्या वर
१७ सप्टेंबर

प्रिय ऑड्री,

हे पत्र तुला. तुझ्या नवऱ्याने घरी पोचून काहीही सांगितलं नसेल, 'ठीक झालं' म्हणाला असेल आणि टीव्ही लावला असेल. म्हणून मीच सांगते, बस.

शुक्रवारी संध्याकाळी तो आला. मी थर्ड रोवरच होते. त्याने मागच्या दाराला खांदा लावला आणि थेट आत आपटला, कारण शॅननच्या नवऱ्याने ते गेल्या महिन्यातच तासून घेतलंय आणि मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांनी भावाचं पहिलं दर्शन असं, गुडघ्यांवर, टोपी चुलीखाली. तो म्हणाला, "दार बदललं." मी म्हटलं, "तूही." एवढंच बोललो. मग चरापाशी जाऊन तो वाकला आणि हुंकारला. अगदी बाबांसारखा, ऑड्री. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी वाऱ्याला शिव्या दिल्या.

शनिवारी क्लबाचा हॉल गच्च. बाकावर लीकच्या जोड्या, धुतलेल्या, पांढऱ्याशुभ्र, प्रत्येकीपुढे कार्ड. आमच्या जोडीपुढे 'शॅनन प्राइस'. शॅनन लाजून कोपऱ्यात, मूल कडेवर, पोरी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की गोगलगायी आम्ही पकडल्या.

लायनलने निकाल वाचला. तिसरा नंबर कुणाचा ते मी ऐकलंच नाही. "दुसरा क्रमांक, शॅनन प्राइस."

टाळ्या सुरू झाल्या आणि मागून आवाज आला, "लायनल, ते नाव खोटं आहे!"

तुझा नवरा. खुर्चीवर चढलेला. मी म्हटलं, आता हा पडणार आणि मी ऑड्रीला काय तोंड दाखवायचं.

"ते नाव खोटं आहे," तो म्हणाला, "मला कळतं, कारण माझंही खोटंच होतं. चार कपांवर माझं नाव आहे. त्यातला एकही लीक मी वाढवलेला नाही. नॉर्माने वाढवले. मी बादल्या उचलल्या."

मला जमिनीत जावंसं वाटत होतं आणि उडावंसंही वाटत होतं. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हातारा ओरडला, "अरे ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं! तू उतर खाली, मानेला कळ लागली!"

एवढा हशा झाला म्हणतेस! मॅटीसुद्धा हसला. नऊ वर्षांपूर्वी जे हसायचं होतं ते हसला. आणि लायनल, तो नियमाचा माणूस, त्याने खिशातून पेन काढलं, बाकापाशी गेला आणि शॅननच्या नावाखाली लिहिलं, 'वाढवले: नॉर्मा हेडली'. मी म्हटलं, "लायनल, हे नियमात बसतं का?" तो म्हणाला, "नाही. म्हणून बारीक अक्षरात लिहिलंय."

पहिला नंबर कुणाला, ते विचारू नकोस. लायनललाच. मेल्याचे लीक खरंच चांगले होते.

रविवारी सकाळी मी फाटकातून गेले तर मॅटी बनियनवर चरात उतरलेला. उरलेल्यातला सगळ्यात चांगला लीक बियाण्यासाठी बाजूला काढत होता, म्हणजे वाण पुढे चालेल. जुळ्या काठावर बसून त्याला चुका सांगत होत्या. रोपं यंदा कुठे तयार करायची, हा प्रश्न होताच. शॅनन म्हणाली, मागच्या खोलीच्या खिडकीत दिवा लावू, पोरींना अंधाराची भीती वाटते नाहीतरी.

तो गेल्यावर शॅननने विचारलं, "चादर काढू का?" मी म्हटलं, काढ, धू, आणि पुन्हा तीच घाल. पोरींना तिच्यावर झोपायला काही हरकत नाही. त्यांना तो म्हणून गेलाय की पलंग त्याचा आहे, त्यांनी नुसता सांभाळायचा.

आणि त्याची टोपी पलंगाच्या दांडीला अडकवलेली राहिली. बसमधून फोन करून म्हणतो, विसरलो. बासष्ट वर्षांत तो माणूस टोपी कधी विसरलेला नाही, तू बायको आहेस, तुला माहीत आहे. पोस्टाने पाठव म्हणतो. त्याला सांग, नॉर्मा पाठवणार नाही. येऊन घेऊन जा म्हणावं, आणि या वेळी तूही ये.

तुझी नणंद,
नॉर्मा